अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका

पैशांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही! ही बढाई नाही, हा माझा हुद्दाच होता. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा फसवणूक प्रतिबंध विभागाचा प्रमुख म्हणून. "अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका" हे वाक्य मी ग्राहकांना इतक्या वेळा ऐकवलंय, की घरी नवा दूधवाला आला तेव्हा त्याच्याही तोंडावर तेच बोलून बसलो. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

त्यामुळे लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचं ठरल्यावर पैसे कसे न्यायचे हे मीच ठरवणार, यात शंका नव्हती. शंका फक्त बायकोला होती.

"अहो, थोडे तिकडचे रोख पैसे जवळ असू द्या," ती म्हणाली.

"रोख? रोख म्हणजे चोराला आमंत्रण!"

तिने माझ्या नकळत थोड्या नोटा बदलून आणल्या होत्या. मी त्या संध्याकाळच्या आत परत करायला लावल्या. मग तिला समोर बसवून माझी योजना समजावली. एक ट्रॅव्हल कार्ड, त्यात तिकडच्या चलनात आधीच पैसे भरलेले. दुसरं नेहमीचं डेबिट कार्ड, राखीव. त्याचा परदेशातला वापर मी मुद्दाम बंद करून ठेवला. चोराने पळवलं तरी त्याच्या काय कामाचं? आपल्याला वापरायचं झालं तर मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकला की सुरू! आणि परदेशात रोमिंगचे दर ऐकून मला घाम फुटला होता, म्हणून ते सिमकार्ड घरी कपाटात, कुलपात ठेवलं.

यातलं भोक तुम्हाला दिसलं असेल. हिलाही तेव्हाच दिसलं होतं. पण मी "तुला बँकेतलं काय कळतं" म्हणालो आणि तिने हात जोडले.

विमान वेळेवर उतरलं. विमानतळाला लागूनच रेल्वे स्टेशन होतं. लेकीचं गाव तिथून दोन तासांवर, आणि तिचं हॉस्पिटल त्या गावच्या स्टेशनासमोर. निघताना लेकीशी बोलणं झालं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं होतं, दुपारी तीनला. पोरगी रडवेली झाली होती. "आई, तू हात धरल्याशिवाय मी आत जाणार नाही!" म्हणत होती. बारा दहाची गाडी पकडली तर सव्वादोनला पोचत होतो. त्यानंतरची गाडी पोचणार चारला. म्हणजे बारा दहा, नाहीतर काही नाही!

घड्याळात अकरा वाजले होते. ऐसपैस वेळ होता. मी पैसे काढायच्या यंत्राकडे गेलो.

आता, पिन टाकताना बोटं कुणाला दिसू द्यायची नसतात. लोक नुसता हात आडवा धरतात. मी नवशिका नाही! मी हिची शाल घेतली, डोक्यावरून आणि यंत्रावरून पांघरली, आणि आत शिरलो.

"अहो, वाफारा घेताय का?" बाहेरून आवाज आला.

आत काळोख होता. मी चाचपून चार आकडे दाबले. चूक. पुन्हा दाबले. पुन्हा चूक. एवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर टकटक केलं. मी दचकलो, आणि तिसऱ्यांदा काय दाबलं ते देवालाच ठाऊक. शाल काढून बघतो तर मागे सुरक्षारक्षक, त्याच्यामागे आठ-दहा माणसांची रांग, आणि पडद्यावर सूचना, की आपले कार्ड बंद करण्यात आले आहे.

रक्षकाने माझी बॅग उघडून पाहिली, शालही झटकून पाहिली. त्यात वीस मिनिटं गेली.

"दुसरं कार्ड काढा की," ही म्हणाली.

मी ते काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"ओटीपी कुठे येणार?"

"कपाटात," मी म्हणालो.

तिने कपाळावर हात मारला नाही. एवढ्या मोठ्या मूर्खपणाला तो हात पुरला नसता.

स्टेशनातल्या फुकटच्या इंटरनेटवरून जावयाला फोन लावला. लागेना. लेकीचाही बंद. बाळंतिणीच्या वॉर्डात फोन चालू ठेवू देत नाहीत, हे तिने सांगितलं होतंच. मग मला आठवण झाली ती माझ्या विभागातल्या मुलीची. तिला मी स्वतः घडवलं होतं, आणि आता माझ्या खुर्चीवर तीच बसते. त्याच इंटरनेटवरून तिला फोन लावला.

"पोरी, मी बोलतोय! माझं कार्ड बंद पडलंय, पटकन सुरू कर!"

"साहेब! किती दिवसांनी आवाज ऐकला!" ती खुशीत म्हणाली. "पण आवाजावर विश्वास ठेवायचा नाही ना. तुमचाच नियम. तीन प्रश्न विचारते. तुमची जन्मतारीख?"

मी सांगितली.

"चूक."

"चूक कशी? माझा जन्म आहे तो!"

आणि मग लक्षात आलं. खऱ्या तारखा चोर शोधून काढतात, म्हणून अर्जात मी सगळी उत्तरं खोटी लिहिली होती. काय लिहिली होती ते मात्र आठवेना.

"लग्नाची तारीख?"

मी हळूच विचारलं, "खरी की लिहिलेली?"

"लग्नाची तारीखही खोटी लिहिलीत?" बायको म्हणाली. हा प्रश्न बँकेचा नव्हता, पण सगळ्यांत अवघड होता.

तिसरं उत्तरही चुकलं. "साहेब, आता चोवीस तास काही करता येणार नाही," पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "रागावू नका हं."

रागावू कसला! फोन ठेवला तेव्हा छाती अभिमानाने फुगली होती आणि खिसा रिकामाच होता. इतकी चांगली शिकवली होती मी तिला!

बारा वाजायला सात मिनिटं. तिकिटाच्या यंत्रासमोर ही उभी होती. रडत नव्हती. पण ओठ घट्ट मिटलेले, आणि हातात फोनवर लेकीचा फोटो. तीस वर्षांत तिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलं असेल तर एवढंच, की मला वेळेवर पोचवा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई आमच्याजवळ येऊन थांबली. साठीची, उंच, हातात लांब दांड्याचं पुसणं आणि शेजारी चाकांची बादली. तिने हिच्याकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. ती तिघांनाही परकी असलेल्या एका मोडक्यातोडक्या भाषेत बोलत होती. त्यातलं मला कळलं ते इथे आपल्या भाषेत सांगतो.

हिने फोटो दाखवला. मग घड्याळ दाखवलं. मग स्वतःचं पोट, मग बंद कार्ड, मग मी. एवढ्यावर त्या बाईला सगळं कळलं! तिने खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि यंत्राकडे हात नेला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. दगडानेही तेवढं केलं असतं. पण अकरा वर्षांची सवय! माझा हात आपोआप आडवा गेला.

"थांबा, बाई! असं करू नका! अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका! बाळंतपण, ऑपरेशन, शेवटची गाडी, ही सगळी भामट्यांची ठरलेली गोष्ट असते! आम्ही भामटे असू शकतो!"

बाईंनी हात मागे घेतला. माझं भाषण कधी नव्हे ते इतक्या चटकन पटलं होतं!

"अहो!!" बायको ओरडली. सबंध स्टेशनाने वळून पाहिलं. "तोंड बंद ठेवा! एक शब्द बोललात तर याद राखा!"

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी यंत्रावर दोन-तीन बटणं दाबली, कार्ड टेकवलं, आणि तिकीट हिच्या हातात दिलं.

एकच तिकीट!

"दुसरं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तुमच्यावर नाही ठेवला. हिच्यावर ठेवला."

वाद घालायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मुद्दाही नव्हता. घरी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही "येताय ना?" म्हणणारी माझी बायको, अनोळखी देशात एकटी गाडीत चढली. खिडकीतून तिने हात केला. मी हात वर केला, तर ती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना हात करत होती.

मग मी त्या स्टेशनात बसलो. बाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. एक बाक, केरसुण्या, पुसणी, साबणाचे डबे. कपात गरम चहा ओतून दिला. डब्यातला अर्धा पाव मोडून माझ्यापुढे ठेवला. मी नको म्हणालो, तर त्यांनी नुसतं "खा" म्हटलं. मी खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो पाव किती गोड लागला हे मला सांगता येणार नाही.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. ही होती.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. मी हात धरून होते हो, अगदी शेवटपर्यंत!"

साबणाच्या डब्यांच्या मधोमध मी आजोबा झालो. रडू आवरेना. मला रडताना बघून बाई घाबरल्या, मग मी फोनवर आलेला नातीचा फोटो दाखवला, आणि त्याही डोळे पुसत हसायला लागल्या. जगात चोर किती आहेत हे मी आयुष्यभर मोजत बसलो, आणि ही असली माणसं मोजायचं काम कुठल्याच विभागाकडे नव्हतं.

जावयाने माझं संध्याकाळचं तिकीट फोनवर पाठवलं. निघायच्या आधी मी उभा राहिलो, हात जोडले, आणि म्हणालो, "बाई, तुमचे उपकार कधी फिटायचे नाहीत. निदान तिकिटाचे पैसे तरी पाठवतो. तुमचा खातेक्रमांक द्या."

"तो दुपारीच तुमच्या बायकोला दिलाय."

"पण मलाही देऊन ठेवा ना. व्यवहार मीच बघतो आमच्याकडे."

बाईंनी पुसणं उचललं. मग बादली पुढे ओढली.

"पाय वर घ्या," त्या म्हणाल्या. "इथलं पुसायचंय."

मी मुकाट्याने बाकावर बसलो आणि पाय वर घेतले.