मॅचला जाणारे नाना सबनीस

नाना सबनीस आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या पायाशी पिवळा रुमाल फेकला. मी पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होते आणि "आणखी एक घ्याच, माझी शपथ," एवढंच म्हणाले होते. नाना पानावरून उठले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि भर पंगतीत जाहीर केलं, "पर्सनल फाउल. नको म्हटल्यावर वाढलं. यजमानीणबाई पंधरा यार्ड मागे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुऱ्यांसकट मागे सरकत सरकत फ्रीजला टेकले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. त्यांच्या पत्नी कुमुदताई या सगळ्या वेळात शांतपणे श्रीखंड खात होत्या. त्यांना सवय होती.

रुमालाच्या एका टोकाला राजम्याचे दाणे बांधलेले असायचे. त्यामुळे तो हवेत तरंगत न बसता नेमका गुन्हेगाराच्या पायाशी पडायचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये पंच असाच पिवळा रुमाल टाकतात, ही माहिती मला त्या रात्री भांडी घासताना माझ्या नवऱ्याकडून, दिलीपकडून, मिळाली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतेच अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहायला आलो होतो. आमच्या ओळखीतले निम्मे मराठी लोक डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांत होते. नाना तिथे सीट बेल्टच्या खात्यात होते. माणसाएवढे पुतळे गाडीत बसवायचे, गाडी भिंतीवर आपटायची, आणि पुतळ्याची कुठली बरगडी मोडली ते बघायचं, हे त्यांचं काम. सोमवार ते शुक्रवार पुतळे आणि शनिवारी माणसं, असं दिलीप म्हणायचा. कारण शनिवार आला की नाना तासाभरावरच्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये कॉलेजची फुटबॉल मॅच बघायला जायचे. एकही चुकवायचे नाहीत.

पण मॅच बघणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, नानांसारखं कोणी नाही. त्यांना कुठली टीम आवडते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना नियम आवडायचे. त्या वर्षांत हे नियम बरेच बदलत होते. पोरं एकमेकांचे गुडघे आणि मानेचे मणके मोडत होती, म्हणून कमरेखाली धडक मारण्यावर बंधनं आली, डोकं खाली घालून हेल्मेटनं ढुशी मारण्यावर आली. शिवाय खेळ रेंगाळू नये म्हणून दोन डावांच्या मध्ये पंचवीस सेकंदांचं घड्याळ होतं, ते संपायच्या आत पुढचा डाव सुरू झालाच पाहिजे. नानांच्या मते माणसाच्या साऱ्या सुधारणा या दोनच गोष्टींसाठी असतात. "हाडं शाबूत, वेळ शाबूत," ते म्हणायचे. "बाकी सगळं फालतू."

एकदा हिवाळा संपताना ते पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे राहिले. मला वाटलं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. तर तसं नव्हतं. नवा नियम झाला होता. उंच मारलेला बॉल झेलायला एक पोरगा आभाळाकडे तोंड करून उभा असतो. आतापर्यंत बॉल हातात पडायच्या क्षणीच चारपाच धिप्पाड गडी त्याला लोळवायचे. आता त्याच्याभोवती दोन यार्डांचं रिंगण आलं, झेल घेईपर्यंत आत कोणी शिरायचं नाही. "वर बघणाऱ्या माणसाला मारायचं नाही, वहिनी. एवढं साधं कळायला यांना इतकी वर्षं लागली," नाना म्हणाले आणि डबा माझ्यापुढे केला. मी पेढा खाल्ला. छान होता, खव्याऐवजी रिकोटा चीजचा असूनही.

पुढच्याच गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात त्यांनी जिलबीच्या ताटाशी रिंगण लागू केलं. घेणाऱ्यापासून बाकीच्यांनी दोन यार्डांवर थांबायचं. रांग शाळेच्या जिमबाहेर पार्किंगपर्यंत गेली. भाषणांना पंचवीस सेकंदांचं घड्याळ लावलं. अध्यक्षांचं "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" होईतो शिट्टी वाजली. आणि आपला तो निरोप घ्यायचा प्रकार. "निघतो" म्हणून उठायचं, मग कोट घालून सोफ्याशी बोलायचं, बूट घालून दाराशी बोलायचं, गाडीत बसून काच खाली करून बोलायचं. हे नानांना अगदी असह्य व्हायचं. "डिले ऑफ गेम," म्हणून ते रुमाल टाकायचे आणि लोकांना अक्षरशः ढकलून गाडीत घालायचे. वर पट्टा लावल्याशिवाय दार लोटायचे नाहीत, मागच्या सीटवरच्या आजीबाईंनासुद्धा.

नव्याने आलेल्या जोडप्याला कोणी पगार विचारला, कोणी मूलबाळ विचारलं, की नानांचा आवाज यायचा, "कमरेखाली." लोक हसायचे, पण प्रश्न तिथेच राहायचा. आम्हाला लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. मला त्या रुमालाचा किती आधार वाटायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एवढं सगळ्यांच्या हाडांना जपणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र बोलणं बंद होतं. त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी त्याच तासाभरावरच्या विद्यापीठात होती. इंजिनिअरिंगला गेली, दीड वर्ष काढलं आणि एक दिवस फोन करून सांगितलं की मी ते सोडलं, म्युझिक घेतलं. मुलगी ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवायचा तो लांब पितळी कर्णा, वाजवायची, विद्यापीठाच्या मोठ्या बँडमध्ये होती. नानांच्या मते ट्रॉम्बोन ही लग्नाच्या वरातीतली वस्तू. आम्ही ट्रॉयला यायच्या आधीच, सुट्टीत ती घरी आली तेव्हा खूप वादावादी झाली आणि नाना बोलून गेले की तुझं ते वाजवणं ऐकायला मी पाऊलसुद्धा टाकणार नाही. मंजूही त्यांचीच मुलगी. ती "फाइन" म्हणाली आणि पानावरून उठली. तेव्हापासून दोघं कुमुदताईंच्या मार्फत बोलायचे. एकाच टेबलावर बसून नाना म्हणायचे, "तिला विचार, दही हवं का." मंजू म्हणायची, "आई, टेल हिम आय हॅव सम." दह्याचं भांडं तिघांच्या मधोमध असायचं.

कुमुदताई हे सांगताना हसायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या. पोरीचं पुढच्या वसंतात ग्रॅज्युएशन होतं. ती दूर टेक्सासकडे नोकरी शोधत होती. एकदा तिकडे गेली की हे दोघं आयुष्यभर असेच राहतील, ही त्यांची धास्ती. मला दोघांचाही राग यायचा. पण दुसऱ्याच्या घरात रुमाल टाकायची माझी काय प्राज्ञा.

त्याच सुमाराची एक गोष्ट. आमच्याकडे चहाला बसलो असताना दिलीपनं पेपरात वाचलेलं सांगितलं. कोणीतरी सुचवलं होतं की मॅच फार लांबतात, तेव्हा मध्यंतर कमी करावं. दिलीपला वाटलं, नाना खूश होतील. नाना कप खाली ठेवून ताडकन उभे राहिले. मध्यंतराला हात लावायचा नाही, म्हणाले. दिलीप म्हणाला, "अहो नाना, वेळ वाचेल ना, तुमचंच तत्त्व." नाना म्हणाले, पोरांना दम खायला मिळाला नाही तर दुखापती वाढतील, तुम्हाला यातलं काही कळत नाही. आणि चक्क रागावून निघून गेले. दारात थांबलेही नाहीत.

पुढे ऑक्टोबरात कुमुदताईंची आई आजारी पडली आणि त्या भारतात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, माझं मॅचचं तिकीट आहे, तू जा यांच्याबरोबर, एकटे गेले तर दिवसभर उपाशी राहतात. मी थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळली, थर्मासभर चहा घेतला आणि दोन स्वेटर घालून गेले.

आमच्या जागा पार कोपऱ्यात आणि पार वर होत्या. तिथून मैदानावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. मी विचारलं, "नाना, एवढ्या लांबून काय दिसणार?" ते म्हणाले, कमरेखालची धडक या कोनातूनच नीट कळते. बरं, म्हटलं, जाणकार माणूस आहे. पहिला अर्धा भाग ते मला भराभर नियम समजावत होते. रुमाल पडला की टाळ्या वाजवायचे, मग तो कोणाच्याही विरुद्ध असो. पुढच्या रांगेतला एक गलेलठ्ठ गृहस्थ दोनदा वळून बघून गेला.

मध्यंतर झालं. बोगद्यातून बँड धावत मैदानात आला. दोन-अडीचशे पोरं, सगळ्यांचा एकच गणवेश, एकच टोपी. नानांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मी ट्रॉम्बोनच्या रांगा शोधत होते, पण मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. नानांची दुर्बीण मात्र एका जागेवरून निघाली आणि बँडबरोबर सावकाश फिरत राहिली, डावीकडे, उजवीकडे, मग गोलात. वाजवता वाजवता पोरं वळायची तशी नानांची मानही वळायची. त्यांचे ओठ हलत होते. ताल मोजत होते.

बँड परत आपल्या जागी जाऊन बसला. ती जागा बरोबर आमच्या समोरच्या कोपऱ्यात होती. खेळ सुरू झाला, आरडाओरडा झाला, रुमाल पडले. नानांची दुर्बीण त्या कोपऱ्यातून हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "नाना, मंजू बँडमध्ये गेली त्याआधी तुम्ही कधी फुटबॉल बघत होतात?"

"छे," नाना म्हणाले. "बॉल लांबट असतो हेसुद्धा माहीत नव्हतं." थोड्या वेळानं दुर्बीण न काढताच म्हणाले, "मी मॅचला येतो, वहिनी. मधे बँड असतो, त्याला मी काय करणार."

मला हसू आलं आणि रडूही. एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा नाही, म्हणून या माणसानं आख्खा खेळ शिकून घेतला होता. पंचालाही पाठ नसतील इतके नियम पाठ केले होते, कारण कोणी विचारलं तर इथे येण्याचं कारण खरं असायला हवं होतं. आणि होताहोता ते खरंच झालं होतं. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्या हातात थालीपीठ कोंबलं. त्यांनी ते न बघताच खाल्लं.

मॅच संपल्यावर बँड वाजवत वाजवत रस्त्यानं आपल्या इमारतीकडे निघतो. दोन्ही बाजूंना लोक उभे राहतात. नाना पार्किंगच्या कडेला एका मोठ्या व्हॅनच्या आड उभे राहिले. नेहमीची जागा असावी. मंजूची रांग हातभर अंतरावरून चालली होती. थंडीनं पोरीचं नाक लाल झालं होतं. नाना आणखी आत सरकले. मला राहवलं नाही. मी रस्त्याच्या कडेला जाऊन सरळ हाक मारली, "मंजू, अगं मंजू." आसपासचे लोक दचकले. चालताना मान वळवायची परवानगी नसते, तशी तिनं वळवली नाही. रांग निघून गेली.

"ट्रॅफिक होईल, चला," नाना घाईनं म्हणाले. मी गाडीच्या बॉनेटवर थर्मास ठेवला आणि म्हटलं, मला आधी चहा प्यायचाय. एक कप प्यायले. मग दुसरा ओतला. नाना किल्ल्या वाजवत येरझाऱ्या घालत होते. पार्किंग बरंचसं रिकामं झालं, तेव्हा एका हातात लांबट पेटी घेऊन मंजू येताना दिसली. गाड्यांच्या मधून इकडेतिकडे बघत येत होती. मला बघून हात केला, मग वडिलांना बघून जागच्या जागी थांबली.

"बाबा? तुम्ही इथे?"

"मॅचला आलो होतो," नाना म्हणाले. जवळजवळ दोन वर्षांनी ते तिच्याशी थेट बोलत होते.

"ओह." मंजूनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं. "हू वन?"

नाना माझ्याकडे बघायला लागले. मला काय कप्पाळ माहीत असणार. कोण जिंकलं ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. मंजू खाली बघून बुटाच्या टोकानं खडी उकरत होती. मग हळूच म्हणाली, "आज मी चुकले. सेकंड साँगला. टर्न घेताना कोणावर तरी आपटले."

"तू नाही चुकलीस," नाना लगेच म्हणाले. "तुझ्या पुढचा तो उंच मुलगा लवकर वळला. गेल्या वेळीही तसंच केलं त्यानं. तू बरोबर होतीस."

मंजूनं वर पाहिलं. तिनं हातातली पेटी वडिलांच्या पुढे केली. "धरा ना जरा, बाबा. जड आहे."

नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरून उभे राहिले. पेटी काही फारशी जड नव्हती. गाडीत ठेवताना मी उचलून पाहिली.