दामूकाकांचा बिनगेअरचा ट्रॅक्टर

अष्टमी गावातले आमचे शेजारी दामूकाका एसटीत चढले की आधी ड्रायव्हरपाशी जातात आणि काळजीने विचारतात, "तब्येत बरी हाय ना? नाय, तुम्ही मधीच गेलात तर गाडी कोण थांबवणार?"

माणसाने शुभ बोलावं म्हणतात, पण काकांना ते जन्मात जमलेलं नाही. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी आला की त्यालाही तेच विचारतात. माझ्या स्कूटरवर मागे बसले तर कुंडलिका नदीवरचा पूल संपेपर्यंत "शुद्धीवर हायस ना गो?" चालू. उत्तर द्यायला मी जरा मान वळवली की किंचाळतात, "म्होरं बघ, म्होरं!"

बैल म्हातारे झाले आणि काकांनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला यंत्रातलं कळतं असा त्यांचा समज. मला घेऊन ते पेणला रामवाडीतल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेले.

सेल्समनने दोन ट्रॅक्टर दाखवले. एक गेअरचा. दुसरा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे क्लच-गेअरची भानगडच नाही. पायाखालचं पेडल दाबलं की चालतो, सोडलं की आपला आपण थांबतो. "पण काका, हा बागेत गवत कापायला बरा," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "भाताच्या चिखलात दमतो, ऑइल तापतं. चिखलणीला गेअरचाच घ्या."

मलाही ते पटलं. काका म्हणाले, "दोन्ही चालवून बघतो."

आधी गेअरच्या ट्रॅक्टरवर बसले. आवाराच्या मध्यावर आले आणि अचानक त्यांनी मान टाकली, डोळे मिटले, दोन्ही पाय वर उचलले. ट्रॅक्टर धडधडत सरळ भिंतीकडे निघाला. सेल्समनने उडी मारून इंजिन बंद केलं तेव्हा भिंत हातभर राहिली होती.

काकांनी एक डोळा उघडला. "बघितलंस? माणूस गेला तरी हा चालतोच."

मग बिनगेअरच्या ट्रॅक्टरवर तेच सोंग. पाय उचलताच तो जागच्या जागी थांबला. "हाच," काका म्हणाले.

परतताना एसटी वडखळला थांबली, तेव्हा चहाच्या टपरीवर मी त्यांना फैलावर घेतलं. काकांनी चहा बशीत ओतला.

"कोणाला सांगू नको गो. यंदा दोनदा डोळ्यांपुढं अंधार आला. गोळ्या चालू हायत. पण आमची ही नांगराच्या म्होरं चालते, दगड-काटक्या वेचत. लग्न झाल्यापासनं. बैल माणसावर पाय नाय ठेवत. ह्या लोखंडाला काय कळतंय?"

"मग दुसऱ्याला चालवायला द्या की!"

"आणि मी काय बांधावर बसून खेकडे मोजू?" काकांनी बशी तोंडाला लावली. मला त्यांची फार दया आली, आणि भीतीही वाटली.

चिखलणीला मी मुद्दाम त्यांच्या शेतावर गेले. ट्रॅक्टर थोडा चालायचा, मग तापायचा. शेजारच्या शेतातले लोक हसत होते. पुढे काकांच्या पत्नी जानकीकाकू गुडघाभर चिखलातून चालत होत्या आणि सारख्या मागे वळून पाहत होत्या. एकदा तर पडता पडता वाचल्या.

ऑइल थंड व्हायची वाट बघत काका सीटवरच बसून राहिले, तेव्हा मी काकूंना बांधावर गाठलं.

"काकू, दगड आधीच वेचून ठेवा ना. ट्रॅक्टरच्या पुढे कशाला चालता?"

काकूंनी आवाज खाली आणला. "त्यांना घेरी येते ते मला ठाऊक नाय व्हय? मी भिईन म्हणून सांगत नायत. मी बांधावर बसले तर इतक्या लांबनं त्यांचं तोंड कसं दिसंल गो मला?"

तेवढ्यात काकांनी ट्रॅक्टर चालू केला. काकू लगबगीने चिखलात उतरल्या आणि त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.