दिनूकाकांची सव्वा रुपयाची बाकी

आमचे दिनूकाका उधारी नेहमी मुदतीआधी फेडत, पण पुरती कधीच फेडत नसत. सव्वा रुपया मागे ठेवत.

परवा त्यांची आठवण झाली ती मुलामुळे. क्रेडिट कार्डाचं बिल तो दरमहा पूर्ण भरतो, तरी त्याचा स्कोअर घसरला. कारण बँक कळवते ती बिल निघालं त्या दिवशीची बाकी. लिमिटच्या मानाने ती फुगलेली दिसली, की नंतर तुम्ही पै न् पै फेडलीत हे कोण बघतो? मुलगा चकित झाला. मी झालो नाही. मला हे नव्वदच्या दशकातच कळलं होतं, बनारसमध्ये, बचाऊ सावच्या दुकानात.

आम्ही अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत राहत होतो. साव आमचा किराणावाला. पंचवीस तारखेला तो सगळ्यांच्या बाक्या जोडी, आणि संध्याकाळी इतर दुकानदार त्याच्या ओट्यावर बसून कोणाकडे किती थकलंय ते विचारत. मी बँकेत नोकरीला, पगार एक तारखेला. त्याच दिवशी सावचे सगळे पैसे देऊन मोकळा होई. तरीही कूलरवाल्याने मला हप्त्यावर कूलर दिला नाही.

"साव तो बोले, आपका बहुत चढ़ा है, बाबूजी."

मी तणतणत घरी आलो. समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत दिनूकाका होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. काकू गेलेल्या, मुलगी इंदूरला दिलेली.

"अरे हिशेबनीस," ते वरूनच ओरडले, "तू फेडतोस तेव्हा बघतंय कोण? चोवीसला फेड! पत दिसायला हवी, पत!"

मी चोवीसला फेडू लागलो. दोन महिन्यांत कूलर घरी आला.

पण त्यांचा तो सव्वा रुपया मला सतावत असे. "पूर्णच का देत नाही?" असं विचारलं तर म्हणत, "तू आकडे बघ, माझ्यात पडू नकोस."

रोज पहाटे साव गंगास्नानाला जाताना त्यांच्या खिडकीखाली थांबून हाक मारी, "ए काकाजी! सवा रुपइया!"

वरून उत्तर येई, "जिंदा हूँ, साव! मिल जाएगा!"

गल्ली हसे. आमची ही म्हणे, "एवढ्याशा पैशासाठी रोज तगादा! दोघंही चिक्कू."

मग गुडघेदुखीने साव घरी बसला. स्नान सुटलं, दुकान मुलाच्या हाती गेलं. मुलाने पाटी लावली, 'उधार बंद', आणि सगळ्यांना बाकी मिटवायला सांगितलं. सगळ्यांनी मिटवली. दिनूकाका मात्र आज देतो, उद्या देतो करत राहिले. त्यांच्यासारख्या माणसाचं नाव सव्वा रुपयासाठी दुकानात घेतलं जावं, हे मला बघवेना. मी ते पैसे भरून टाकले आणि मोठं काम केल्यासारखा वर सांगायला गेलो.

काका खुर्चीत बसून होते. ऊन बरंच वर आलं होतं, तरी खिडकी बंद.

"तुला कोणी सांगितलं होतं?" ते चिडून म्हणाले. मग बंद खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "आता सकाळी मागायला कोण येईल?"

मला सुचलं ते हिशेबाचंच होतं.

"काका, सावचे फिटले. पण भरले मी. म्हणजे सव्वा रुपया आता माझं येणं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज नाहीयेत माझ्याकडे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघालो आणि खिडकीखाली थांबलो. बँकेतल्या माणसाने गल्लीत तगादा लावायचा म्हणजे जरा लाजच वाटली. तरी ओरडलो, "काका! सव्वा रुपया!"

खिडकी उघडायला वेळ लागला.

"जिंदा हूँ!" वरून आवाज आला. "मिळेल, मिळेल!"

पुढे मी रोज मागत राहिलो. वसुली मात्र कधी होऊ दिली नाही.