लाल काठाचं गाळणं

माझ्या लॉरीच्या इंजिनात लाल काठाचं कापड होतं. कुणाला सांगितलं की वाटतं, मी थट्टा करतोय. पण त्या काळी सोलापुरात ज्या मोजक्या लॉऱ्या होत्या, त्यांत पाठीवर शेंगांची पोती आणि पोटात लुगड्यासारखा काठ घेऊन धावणारी माझीच एक. हा मान मला राजय्यानं दिला. मी मागितला नव्हता.

राजय्या शुक्रवार पेठेत आमच्या अगदी समोर राहायचा. तेलुगू विणकर. घरात त्याचा माग, आणि मागाशेजारी त्याच्या थोरल्या बहिणीचा सूत भरायचा रहाट. ती लहानपणीच विधवा झालेली. सगळी आळी तिला अक्का म्हणायची. राजय्या अंगानं काटकुळा, कानावर कायम विडी खोचलेली, आणि स्वभाव असा की साधं ‘हो’ म्हणायलासुद्धा त्याला आधी थोडं भांडण लागायचं.

लॉरी मी जुनीच घेतली होती. इंजिनाच्या कडेला तेल गाळायचा पत्र्याचा डबा होता. डब्यात तारेची जाळी, जाळीवर कापड. तेल त्यातून फिरायचं आणि कचरा कापडावर राहायचा. आमच्याकडच्या रस्त्यांची धूळ अशी की ते कापड बघता बघता चिखलानं भरून जायचं. कंपनीचं अस्सल गाळणं मुंबईहून मागवायचं म्हणजे ते येईपर्यंत गाडी दारात उभी. बाजारातली नक्कल गरम तेलात फाटायची. धोतराचा तुकडा लावून पाहिला, तर धूळ आरपार. मांजरपाट लावलं, तर तेलच अडलं. तेल अडलं की इंजिन जळणार, आणि इंजिन जळलं की मी बसलो. रात्रंदिवस माझ्या डोक्यात गाळणं. ‘भरवशाचं कापड कुठं मिळेल?’ असं मी जावयासारख्या जावयाला विचारून त्याचा चहा बेचव केला.

शेवटी माझा ड्रायव्हर दस्तगीर म्हणाला, “सामने माग हय ना मालक, तुम कपडा ढूंडते कायकू फिररै?”

राजय्याला विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. “तेल गाळायला? माजं कापड?” एवढंच बोलला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून तोच माझ्या ओट्यावर हजर.

“तेल पातळ असतंय का दाट?”

“गरम झालं की पातळ होतं.”

“मग तसं सांगायचं की! नुसतं कापड कापड करतायसा.”

त्यानंतर त्यानं जे आरंभलं ते बघायला आळी जमायची. मागावरून उतरलेला तुकडा तो उन्हात धरायचा, मग तोंडावर ताणायचा आणि विडीचा धूर त्यातून फुंकायचा. “धूर गेला पायजे, धूळ न्हाय,” हा त्याचा हिशेब. धूर नीट गेला नाही की पुन्हा नवा तुकडा. खोकून खोकून डोळे लाल व्हायचे, पण गडी हटायचा नाही. तेल गाळायच्या चिंधीसाठी एवढी हौस मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

कापड मात्र असं उतरलं की बोट लावून बघत राहावं. फक्त त्याला दोन्ही कडांना लालभडक काठ होता.

“राजय्या, हे इंजिनात जायचंय. तिथं काठ कोण बघणार?”

“नागडं कापड देत न्हाय मी.”

“अरे, पण इंजिनाला काय लाज?”

“घरात एक नागडं हाय, तेवढं बास.”

कुठलंतरी बिनकाठाचं कापड त्याच्याकडे पडून असेल, असं मला वाटलं. मी पुढं विचारलं नाही.

पहिल्याच फेरीहून दस्तगीर बोंबलत परत आला, “मालक, इंजन कू खून आरा!” डबा उघडून पाहतो तर तेल लाल. काठाचा रंग उतरला होता. मी राजय्याला हाक मारून दाखवलं आणि चांगलं सुनावलं. त्याची मान खाली गेली. त्याच्या घरातला रहाट थांबला. काठाचं सूत अक्का रंगवायची, हे मला तेव्हा कळलं. पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या अंगणात चुलीवर पातेलं आणि पातेल्यात लाल सूत. रंगवायचं, उकळायचं, धुवायचं, पुन्हा रंगवायचं. त्यानंतर त्या काठानं कधी रंग सोडला नाही.

पण काठ जाड. डब्याचं झाकण त्याच्यावर नीट बसायचं नाही आणि तेल ठिबकायचं. मी विनवलं, चिडलो, हात जोडले. उत्तर एकच, “नागडं देत न्हाय.”

आणखी एक खूळ होतं. फेरीहून गाडी आली की राजय्या माग सोडून यायचा. दस्तगीर गाळणं काढायचा, हा उकिडवा बसून त्यावरचा गाळ बोटानं पुसायचा आणि काठ बघायचा.

“कुटं गेलतं?”

“मोडनिंबला.”

मग तो उठून आपल्या दारात जायचा आणि आत तोंड करून तेलुगूत काहीतरी मोठ्यानं सांगायचा. त्यातलं मला ‘मोडनिंब’ एवढंच कळायचं. रहाट क्षणभर थांबायचा, आतून हसल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, आणि रहाट पुन्हा सुरू. आपल्या कापडाची फुशारकी मारतोय, असं मी धरून चाललो होतो.

एकदा दस्तगीरनं ठिबकणाऱ्या तेलाला कंटाळून कात्रीनं काठ कापला. राजय्यानं फेरीनंतर कापलेली कड पाहिली आणि उठून घरी गेला. कापड बंद. मी पण म्हटलं, गेला उडत. बाजारातलं गाळणं लावलं. ते मोडनिंबच्या अलीकडे फाटलं. दस्तगीरच्या वेळीच लक्षात आलं म्हणून इंजिन वाचलं. पोती रस्त्यात, लॉरी रस्त्यात, आणि मी राजय्याच्या दारात.

“काठ असू दे बाबा,” मी म्हटलं. “आम्ही खाली डबा बांधतो.”

“मग तसं सांगायचं की,” तो म्हणाला. झाकणाखाली ठिबकणारं तेल धरायला डबा बांधून माझी लॉरी पुढं कित्येक वर्षं फिरली. लोक हसायचे. हसू देत.

अक्का एका पावसाळ्याच्या शेवटी गेली. आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. नंतर राजय्याचा माग चालू राहिला, रहाट मात्र गप्प. गाळण्याची कापडं येत होती आणि काठ तसाच लाल होता, म्हणून माझ्या काही ध्यानात आलं नाही.

मग एका सकाळी तो कापड घेऊन आला. पांढरं. कडेपासून कडेपर्यंत पांढरं. जे मी वर्षानुवर्षं मागत होतो ते हातात पडलं, आणि मला ते घ्यावंसं वाटेना.

“काठ कुठाय, राजय्या?”

“अक्कानं रंगवलेलं सूत संपलं.”

“बाजारात मिळतं की लाल सूत.”

“मिळतंय की. लुगड्यांना तेच लावतो आता. गाडीचं तिचं होतं.” तो ओट्यावर टेकला. “सारा जलम पांढऱ्या लुगड्यात गेला, मालक. लाल सूत हातानं रंगवायची, पन अंगाला लावायचं न्हाय. उंबऱ्याभायेर जायचं न्हाय. म्हनली, माजा काठ गाडीत तरी जाऊ दे. नेताना मी म्हनलो, आता तरी काठाचं घालू. जातवाल्यांनी घालू दिलं न्हाय.”

‘घरात एक नागडं हाय’ म्हणजे काय, ते मला त्या ओट्यावर कळलं. इतकी वर्षं समोर राहून मी त्या बाईला कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तिच्या काठावर चिडत मात्र आलो होतो.

“जुनं एकादं हाय का?” त्यानं विचारलं. “काठाचं?”

जुनी सगळी आम्ही चिंध्या करून चाकं पुसायला वापरली होती. एकच उरलं होतं, ते इंजिनात होतं. गाडीपाशी बसलेला दस्तगीर उठला, त्यानं डबा उघडला आणि जाळीवरून ते सोडवून आणलं. काळंकुट्ट, तेलानं निथळणारं. राजय्यानं कड अंगठ्यानं घासली. पुन्हा घासली. काळ्यातून लाल वर आलं.

“उतरला न्हाय बगा,” तो म्हणाला.

दस्तगीरनं पांढरं कापड बसवलं. झाकण पहिल्या दाबात बसलं. इंजिन चालू करून पाहिलं, तर एक थेंब बाहेर नाही. असं गाळणं मला पुन्हा मिळालं नाही, आणि असं मिळावं असंही कधी वाटलं नाही.

राजय्या ते तेलकट कापड दोन्ही हातांत धरून गल्ली ओलांडून गेला. सवयीनं आपल्या दारात थांबला, आत तोंड करून तेलुगूत काहीतरी बोलला. मला त्यातलं ‘मोडनिंब’ एवढंच कळलं. मग तो तसाच उभा राहिला, रहाट थांबायची वाट बघत.