तोलोमुशचा नकाशा उघडला, त्याची गोष्ट

"चहाचं पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात मी अख्खं खोरं कॉम्प्युटरवर काढून दाखवतो," असं तोलोमुशने भरल्या घरात सांगितलं. घर कादिरकुलचं, हातातला पेलाही कादिरकुलचाच. एवढ्यावर तो थांबला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याने मिशीवरून हात फिरवला आणि वर म्हणाला, "आणि नाही दाखवलं, तर झऱ्याला खुशाल या कादिरकुलचं नाव द्या."

कादिरकुलने लगेच त्याचा पेला पुन्हा भरला. आपल्या घरात कुणी असा शब्द देऊन बसला, की त्याला लवकर उठू द्यायचं नसतं.

झालं होतं असं. तालुक्याच्या नकाशा कार्यालयातून एलनुरा नावाची बाई आली होती. वरच्या उन्हाळी कुरणांचा, म्हणजे जैलूचा, नवा नकाशा छापायला चालला होता. जुन्या नकाशात ज्या जागेचं नाव सापडेल ते नाव नव्यात जाईल, नाही सापडलं तर जागेला नुसता आकडा, असा तिचा नियम. आणि चार घरच्या माणसांनी सह्या दिल्या तर नवं नावही चालेल. खिंडीखालच्या झऱ्यासाठी कादिरकुलने सह्या गोळा करायला सुरुवातही केली होती. झऱ्यावरचं दगडी कुंड त्याने स्वतः बांधलं होतं आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

तोलोमुशचं म्हणणं, सह्यांची गरजच काय? हे सगळे डोंगर आयुष्यभर त्यानेच मोजले होते. परदेशी प्रकल्पवाले गावात कॉम्प्युटर आणि नकाशे काढायचा प्रोग्राम ठेवून गेले, तेव्हा सगळं खोरं त्यानेच त्यात घातलं होतं. वरची खिंड त्याच्या आजोबांच्या नावाची, बोकोनबायची. तिच्या बाजूची दरी वडिलांच्या नावाची, असानची. आणि खिंडीखालचा झरा त्याच्या स्वतःच्या नावाचा. झरा त्यालाच सापडला होता, घोडा तहानेने अडून बसला तेव्हा.

खरं सांगायचं तर सापडला घोड्याला. पण घोड्याचं नाव सुचवायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

आणि "त्यानेच घातलं" हेसुद्धा अर्धंच खरं. तोलोमुशची बोटं लगाम धरून अशी झाली होती, की एक कळ दाबायला जावं तर तीन दाबल्या जात. म्हणून तो दिवसभर डोंगर तुडवायचा आणि संध्याकाळी चुलीशी पाय शेकत नावं सांगायचा, आणि त्याची बायको कुलुइपा ती कॉम्प्युटरमध्ये घालायची. ती शेतकी कार्यालयात टायपिस्ट होती. तो म्हणायचा, "आता आजोबांची खिंड." ती टकटक करायची आणि म्हणायची, "घातलं." तो म्हणायचा, "आता बाबांची दरी." "घातलं." असे तीन हिवाळे गेले. नकाशा कार्यालयाला छापून फक्त रेषा आणि आकडे लागत. त्यामुळे नावं आत कॉम्प्युटरमध्येच राहिली, आणि तोलोमुशला ती तिथे आहेत एवढं माहीत असणं पुरेसं होतं.

कुलुइपा गेली, त्यानंतर कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. तिनेच भरतकाम केलेली चादर तोलोमुशने त्याच्यावर घातली होती आणि चादरीवर तो टोपी ठेवायचा.

कादिरकुलकडून घरी येताच त्याने टोपी उचलली, चादर काढली आणि बटण दाबलं. आतून एक उंदीर बाहेर आला आणि दुसरं काही झालं नाही.

"आइझादा," त्याने सुनेला हाक मारली, "याला काय झालंय बघ गं जरा."

आइझादा गावच्या शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवायची. मुलगी हुशार, पण सासरच्या रीतीला पक्की. आमच्याकडे सून सासरच्या थोरांची नावं तोंडाने घेत नाही, नवऱ्याचंही घेत नाही. हल्लीच्या मुली हे फार मनावर घेत नाहीत, पण आइझादाला ती सवय कुलुइपाने लावली होती. वर्गात एक मुलगा आजेसासऱ्यांच्या नावाचा निघाला, तर त्याला ती वर्षभर "खिडकीजवळचा" म्हणत होती. परीक्षेच्या वेळी त्याची जागा बदलली आणि घोटाळा झाला, पण नाव काही तिने घेतलं नाही.

तिने पेचकसाने जुन्या पेटीच्या पोटातली चकती, म्हणजे हार्ड डिस्क, काढली आणि शाळेतल्या नव्या लॅपटॉपला तारेने जोडली. चकतीवर सगळं शाबूत होतं. तोलोमुशने चहाचं पाणी ठेवलं, कारण तसा शब्द दिला होता. आइझादाने प्रोग्रामवर टिचकी मारली. स्क्रीनवर एक पाटी आली.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. बनवणाऱ्यांना विचारा."

"मग विचार की."

"बाबा, ती कंपनी बंद होऊन जमाना झाला."

तोलोमुशला हे पटलं नाही. त्याच्या आजोबांचं खोगीर त्याच्या घोड्याला बसत होतं, आणि तो घोडा तर आजोबांनी पाहिलाही नव्हता. खोगिराने कधी कुणाला विचारून या म्हटलं नव्हतं. पाणी उकळलं, आटलं, किटलीचा तळ काळा झाला, तरी पाटी जागची हलेना.

मग आइझादाने लॅपटॉपला सोंग घ्यायला लावलं. तू पंचवीस वर्षं जुना आहेस असं समज, आणि मग प्रोग्राम उघड. ही सोय आत असते म्हणे. लॅपटॉपने जरा विचार केला आणि एकदम स्क्रीनभर निळा डोंगर उगवला. प्रोग्रामचं पहिलं पान ते. तोलोमुश उठून उभा राहिला.

दुर्दैवाने त्याच वेळी कादिरकुलची बायको सोनुन चाळण मागायला खिडकीशी आली होती. तिने निळा डोंगर पाहिला आणि चाळण विसरून ती धावत सुटली. आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणेल त्याला सुयुंचू, म्हणजे बक्षिसी, द्यावी लागते, आणि सोनुनने उभ्या आयुष्यात अशी संधी कधी सोडली नव्हती. ती तोलोमुशच्या भावाकडून स्कार्फ घेऊन आली, चुलत्याकडून साबणाच्या वड्या, आणि शेवटी स्वतःच्या नवऱ्याकडेही हात पसरला. कादिरकुल म्हणाला, अगं, ही माझ्या हरण्याची बातमी आहे. ती म्हणाली, बातमी ती बातमी, काढा.

इकडे निळा डोंगर दिसला तसा मिटला, आणि पाटी परत आली.

पण आता कुणाला सांगणार? अंगणात माणसं जमू लागली होती. नकाशा उघडला म्हटल्यावर हात हलवत कोण येईल? कुणी बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून आणले, कुणी लोणी. आणि एवढी माणसं दारात आल्यावर नुसत्या चहावर कोण परत पाठवेल? तोलोमुशच्या भावाने मेंढा ओढत आणला. कुणी नकाशा दाखवा म्हटलं, की तोलोमुश म्हणे, जुना जीव आहे, लांबून आलाय, जरा पडू द्या त्याला. शेवटी एलनुराबाईसुद्धा कागदपत्रांची पिशवी घेऊन आली, आणि तिला मानाच्या जागी बसवण्यात आलं.

आइझादा दार लावून बसली होती. ती हळूच सासऱ्याला म्हणाली, "आता एकच उपाय. या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा करायचा. अख्खाच."

"मावेल?"

"तुमचे आजोबा नव्या घरात झोपायचे का?"

तोलोमुशला बरोबर समजलं. पक्कं घर बांधल्यावरही बोकोनबाय त्यात एकही रात्र झोपला नव्हता. छत डोक्यावर बसतं म्हणायचा. शेवटी नव्या घराच्या अंगणात त्याच्यासाठी यूर्ट, म्हणजे लोकरी तंबू, उभारला, तेव्हा कुठे त्याला झोप लागली. तसाच हा प्रोग्राम. त्याला त्याचा तंबू पाहिजे.

तंबू उभा राहीपर्यंत बाहेर मेंढा शिजला आणि अर्धा संपलाही. मग लॅपटॉपमधून एक आवाज आला. जुना कॉम्प्युटर सुरू होताना वाजायचा तो, चार सुरांचा.

तोलोमुश दाराशी होता, तिथेच खाली बसला. हा आवाज झाला की कुलुइपा स्वयंपाकघरातून म्हणायची, "उठला बाई एकदाचा," आणि कॉम्प्युटर जागा होतोय तोवर चहा गाळायची. हिवाळ्याच्या संध्याकाळी खिडकीवर बर्फ, चुलीत शेणी, आणि हिच्या खांद्यावर लोकरीची शाल. तोलोमुशने नकळत चहाच्या दिशेने हात पुढे केला. हातात चहा आला, पण तो भावाने दिलेला, आणि बिनमिठाचा. कुलुइपा चिमूटभर मीठ घालायची.

"उघडलाय, बाबा," आइझादा म्हणाली.

सगळे आत घुसले. स्क्रीनच्या मध्यभागी लहानशी खिडकी, तिच्यात सगळं खोरं. ओढे निळे, उतार तपकिरी. म्हातारे बोट लावून लावून आपापली कुरणं शोधू लागले. आपण तिथे आहोत असं समजून एकाने तर कुत्र्याला हाकही मारली.

मग आइझादाने नावांचा थर उघडला, आणि डोंगरभर प्रश्नचिन्हं उगवली. खिंडीवर प्रश्नचिन्हं, दरीत प्रश्नचिन्हं, झऱ्यावर ओळीने उभी.

कादिरकुलने स्क्रीनवर बोट ठेवलं. मग शांतपणे म्हणाला, "तोलोमुश, तुझे आजोबा कोण होते हे कॉम्प्युटरलाही ठाऊक नाही रे."

घरात हशा पिकला. एलनुराबाईने घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवीतून आकड्यांचा शिक्का बाहेर काढला. तीन पिढ्या पायाखाली घातलेला डोंगर, आणि आता त्याच्या वाट्याला एक आकडा.

आइझादा म्हणाली, घाबरू नका, याला फक्त आपली लिपी आठवत नाहीये. तिने आत कुठेतरी भाषा बदलली, जुना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चार सूर पुन्हा वाजले. तोलोमुशने या खेपेस चहाला हात लावला नाही.

प्रश्नचिन्हांची अक्षरं झाली.

"वाच, पोरी, मोठ्याने वाच," तोलोमुश म्हणाला. चष्मा अंगणात मेंढ्याच्या कढईपाशी राहिला होता.

आइझादा वाचेना. तिचे कान लाल झाले. सगळ्यांना वाटलं, सासरच्या थोरांची नावं, कशी घेईल बिचारी. तोलोमुशचा ऊर भरून आला. एवढ्या लोकांत सून कशी रीत पाळते. तो उदार होऊन म्हणाला, "घे नाव. आज मी परवानगी देतो."

"तसं नाही, बाबा," ती पुटपुटली. "नावं नाहीच आहेत."

तेव्हा एलनुराबाईने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि सरकारी आवाजात वाचायला घेतलं. "खिंड. 'घोरणाऱ्या थोरल्यांची खिंड.'"

मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "बोकोनबायच तो. काय घोरायचा! यूर्टातून घोरला की आमच्या मेंढ्या उठून उभ्या राहायच्या."

"दरी," बाईने पुढे वाचलं. "'चहा गार झाला म्हणणाऱ्यांची दरी.'"

"असान," तीन-चार जण एकदम म्हणाले.

तीन हिवाळे तो चुलीशी बसून नावं सांगत होता आणि ती "घातलं" म्हणत होती. पण तीही याच घरची सून होती! सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, तर बोटांनी कसं घेईल? प्रत्येक नावाशी ती थांबली असेल, शालीत तोंड लपवून हसली असेल, आणि मग टकटक. त्याला पाठमोरी दिसायची ती. खांदे हलायचे तिचे. थंडीने हलतात असं समजून तो चुलीत शेणी सारायचा.

"आणि झरा," एलनुराबाई म्हणाली. "'आमच्या ह्यांचा झरा.'"

सोनुनने हातातला स्कार्फ डोळ्यांना लावला.

बाईने विचारलं, "ह्यांचा म्हणजे कुणाचा?" सगळं घर तोलोमुशकडे पाहू लागलं. मग तिने समजावून सांगितलं, की आजोबा, नकाशा तुम्ही काढलाय. नोंद चुकली असं म्हणालात तर मी तिघांची खरी नावं आत्ता घालते. नाही तर आहे तेच छापलं जाईल, आणि मग बदल नाही.

कादिरकुल म्हणाला, "चुकली म्हण, लेका. मी सही करतो. तुझं नाव घाल. कुंड राहू दे माझं."

तोलोमुशने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आजोबांचं नाव, बापाचं नाव, स्वतःचं नाव, ज्यासाठी मेंढा कापला आणि अख्ख्या गावासमोर मिशीवरून हात फिरवला ते सगळं, एका शब्दावर आलं होतं.

"चुकलेलं काही नाही," तो म्हणाला. "तिने घातलंय. तसंच छापा."

तसंच छापलं. ट्रकवाले आता विचारतात, घोरणाऱ्यांच्या खिंडीतला बर्फ वितळला का. तोलोमुशला त्याचं फारसं काही वाटत नाही.

फक्त एका गोष्टीचा विचार त्याने त्या दिवशी केला नव्हता. जून महिन्यात सगळी बिऱ्हाडं जैलूवर गेली. पहिल्याच सकाळी सोनुनने बादल्या उचलल्या आणि तोलोमुशच्या यूर्टासमोरून जाताना शेजारणीला सांगितलं, "आमच्या ह्यांच्या झऱ्यावरून पाणी घेऊन येते गं."

मागोमाग कादिरकुल आला, एक हात पाठीशी धरून, दुसरा मिशीवरून फिरवत. थांबला नाही. जाता जाता एवढंच म्हणाला, "ऐकलंस ना? छापील आहे."