मिशीवाल्याची पडताळणी

माझा मुलगा प्रशिक हल्ली घरात येणाऱ्याला आधी खाऊ घालत नाही, आधी त्याची ओळख मागतो. येणारा सरकारी पाहुणा असता तर मी समजून घेतलं असतं. येणारा मासा होता.

मासा अंगठ्याएवढा. तोंडापाशी मिशा, आणि दोन्ही कुशींवर छपरावर कवेलू शाकारल्यासारख्या कडक पट्ट्यांच्या रांगा. दुकानदारानं सांगितलं, "कोरी नावाची मासळी आहे. तळाशी राहते, बाकीच्यांचं उरलंसुरलं खाते, टाकी साफ ठेवते." मी चौथी शिकलेली बाई. पण उरलंसुरलं खाऊन भागतं, असं ज्याचं ताट भरलेलं तोच म्हणतो, एवढं मला शाळेबाहेरच कळलं.

प्रशिक मनीषनगरातल्या हौशी मत्स्यपालकांच्या मंडळाचा सभासद. अध्यक्ष विश्वनाथराव, निवृत्त हेडक्लार्क. मंडळाचा नियम असा की नव्या माशाला वेगळ्या टाकीत ठेवावं आणि तो नेमका कोणता, हे निश्चित झाल्यावरच त्याचा आहार मंजूर करावा. वेगळ्या टाकीत दुसरा मासा नाही, म्हणजे उरलंसुरलंही नाही. तळाशी टोकदार गिट्टी. खाली बसणाऱ्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर, बंद.

"काहून गा, उपाशी काहून ठेवून राहिला त्याले?" मी विचारलं.

"आई, या कोरीचे शंभरावर प्रकार हायेत. कोणता हाय ते कळल्याशिवाय खाऊ कसं घालू?"

"तोंड दिसून नाही राहिलं का त्याचं?"

पहिल्या दिवशी फोटो गेला. माशानं ऐन वेळी पाठ फिरवली होती. मंडळाचं उत्तर आलं: अर्जदार समोर पाहत नाही, सबब फोटो अमान्य. दुसऱ्या दिवशीचा फोटो मान्य झाला, पण त्यावरून मंडळात दोन तट पडले आणि प्रकरण समितीकडे गेलं.

तिसऱ्या दिवशी विश्वनाथरावांसह तिघांची समिती घरी आली. माझ्या सुनेनं, मायानं, तर्रीपोहे केले. वाढण्याआधी तिनं कोणाच्या पट्ट्या मोजल्या नाहीत. समितीनं दोनदा घेतले, तर्री कमी तिखट असल्याची नोंद केली आणि मग भिंग काढलं.

"वरच्या रांगेत बावीस."

"तेवीस साहेब, शेपटीजवळची धरा."

"शेपटीजवळची धरायची की नाही, त्याबाबत मार्गदर्शन मागवू."

एवढ्यात मासा सुर्रकन वर आला, हवेचा घोट घेतला आणि खाली गेला. अर्जदार सुनावणीस हजर, असं लिहून घेतलं गेलं.

चौथ्या दिवशी त्या जिवानं अन्न शोधत गिट्टी उकरून उकरून मिशा झिजवून घेतल्या. नवा फोटो जुन्याशी जुळेना. विश्वनाथराव जातीनं आले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काकू, मिशा कमी भरतात. हा तोच मासा कशावरून?"

"भाऊ, रेशनच्या मशीनवर माझाही अंगठा उठत नाही. भांडी घासून रेघा गेल्या. मशीन म्हणते, मी मी नाही. म्हणून मी जेवू नाही का?"

"तुमचं खातं वेगळं," ते म्हणाले आणि आदेश लिहिला: दोन्ही फोटो जुळेपर्यंत आहार स्थगित. या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत अपील करण्याची सवलत माशाला देण्यात आली.

अर्जदारानं सवलत घेतली नाही. तो एका कुशीवर कलला होता, पोट आत गेलेलं. वर यायचंही त्यानं सोडलं होतं. मी फ्रिजवरचं पाकीट काढलं, विळीवर फाडलं आणि अर्धी गोळी टाकीत सोडली.

"आई! पडताळणी चालू हाय ना!" प्रशिक ओरडला.

मासा थोडा वेळ तसाच पडून होता. मग उरलेल्या मिशांनी चाचपत सरकला आणि गोळीला तोंड लावलं. ती सोडली नाही.

विश्वनाथरावांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "आता पोट भरलं म्हणजे मापं बदलली. प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल." आणि माझ्या पोटच्या पोरानं मान डोलावली.

विश्वनाथराव माझे कोण? मी प्रशिककडे वळले.

"तुले आठवते का गा? तुया कॉलेजासाठी भाड्याची खोली पाहाले आपण पाच घरं फिरलो. पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारत होते. आडनाव सांगितलं का जागा आत्ताच गेली म्हणत होते. पाचव्या घरून निघाल्यावर तू रस्त्यावर उभा राहून रडला होता. तवा मी त्या लोकायच्या मायच्या नावानं बोटं मोडली होती, का बाप्पा, कसं लेकरू वाढवलं यायनं! आज समजलं. हे सहावं घर हाय प्रशिक, अन् यातली माय मी."