प्रामाणिक भोक

१९५६च्या वसंतात नेवाडातल्या आमच्या ड्राय फोर्क गावाच्या शाळेने गुन्हेगारीच्या निर्मूलनासाठी जीन्सवर बंदी घातली. गावात गुन्हेगारी नव्हती. पण नुकत्याच लागलेल्या सिनेमातला मवाली जीन्स घालून मोटरसायकल उडवत होता. मुख्याध्यापक हॅस्केट यांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहून निष्कर्ष काढला, की मवालीपणा कमरेखाली सुरू होतो आणि वर चढतो.

अडचण एवढीच, की ती पँट गावात सगळेच घालत. खाणीतले, गुरांमागचे, आणि बंदीची पाटी ठोकणारा शेरीफसुद्धा.

लोरीन ही गुरं पाळणाऱ्या क्लीट प्रुइटची एकुलती पोर. आई नव्हती. पहाटे वासरांचं, कुंपणाचं उरकून ती जीन्समध्येच घोड्यावरून थेट शाळेत येई. शाळेचं शेवटचं वर्ष. पास झाली की रीनो शहरात परिचारिकेचं शिक्षण ठरलेलं. हॅस्केटनी तिला दारातच अडवलं.

"सर, झगा घालून घोड्यावर बसले तर घोडाच लाजेल," लोरीन म्हणाली.

प्रश्न शाळा समितीपुढे गेला. सखोल विचारांती ठरलं, की कष्टाची जीन्स चालेल, नखऱ्याची चालणार नाही. आता दोन्ही ओळखायच्या कशा? तर कष्टाने कापड झिजतं. सबब, ज्याचा गुडघा फाटका तो कष्टाळू. ज्याचा धड तो मवाली.

दुसऱ्या दिवसापासून पोरं शाळेच्या पायऱ्यांवर गुडघे घासू लागली. बँकवाल्याच्या मुलीने आईच्या शिवणाच्या कात्रीने दोन्ही गुडघ्यांवर कष्ट कापून घेतले. कापडवाल्या टोबिनबाईंकडे नव्या पँटी पडून राहिल्या, तेव्हा त्यांनी त्या परसात टांगून खडीने बडवल्या आणि दुप्पट भावाने विकल्या.

"फाटकी महाग कशी काय, बाई?" क्लीटने विचारलं.

"मेहनत आहे बाबा त्यात! धड हवी तर ने, फुकटात जमा."

क्लीटने धड पँट नेली. कारण चरात अडकलेलं वासरू ओढताना लोरीनची जुनी पँट काटेरी तारेवर पार चिंध्या झाली होती. दुसऱ्या सकाळी ती कडक, निळीशार पँट घालून शाळेत आली. तारेने कापलेल्या तळहातांतून अजून रक्त झिरपत होतं.

हॅस्केट वाकून म्हणाले, "गुडघा धड आहे."

"सर, हात बघा ना माझे!"

"नियमात हात नाहीत."

निरोप मिळताच क्लीट धावत आला. "हॅस्केटसाहेब, पोरगी पहाटेपासून राबते हो!"

"मग फाडून आणा."

"नवाकोरा कपडा फाडायचा?"

"क्लीट, प्रश्न संस्कारांचा आहे."

क्लीटने खिशातून चाकू काढला आणि मान खाली घालून तो लेकीपुढे धरला. लोरीनने तो मिटून त्याच्याच खिशात ठेवला. "नाही, बाबा. तुम्ही घेतलेलं धड कापड मी या माणसासाठी फाडणार नाही."

तिचं वर्ष गेलं. रीनोची जागा कात्रीवाल्या मुलीला मिळाली. निरोपसमारंभात त्या मुलीच्या कष्टांचं कौतुक करताना हॅस्केटना गहिवरून आलं.

लोरीन महिनाभर गुरांमागे राबली. मग एके दिवशी तिने कुंपणाला पाटी लावली: 'पँटी अस्सल कष्टाने फाडून मिळतील.' लोक नव्या पँटी आणून देत. बापाच्या कुरणावरचे गुराखी त्या घालून राबत आणि भोक पडलं की मालकाला परत करत. टोबिनबाईंची खडी मागे पडली. शहरांतून पेट्या येऊ लागल्या. कधी कंबर न वाकवलेली माणसं दुसऱ्याच्या गुडघ्याचं भोक मिरवू लागली.

एकदा स्वतः हॅस्केट आले. शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते, आणि आपण कष्टाळू दिसावं अशी त्यांची इच्छा होती.

"किती फाडू, सर?"

"माझ्या पदाला शोभेल इतकं."

लोरीनने त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "मग बसायच्या जागी फाडावं लागेल."

आता तिचा माल समुद्रापार जातो. परवा तुम्हीही घेतलीत म्हणे, गुडघ्यापाशी फाटलेली. झकास दिसते. धड पँटीपेक्षा महाग पडली असेल, पण मेहनत आहे ना त्यात! तेवढं फक्त सांगा, ते भोक पडेपर्यंत राबलं कोण?